हजार फुटांचा हिशेब

माझी पुतणी नुकतीच विमान नियंत्रणात रुजू झाली. दिवाळीला बडोद्याला आली, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवरून आभाळात दोन पांढऱ्या रेघा एकमेकींना छेदताना दिसल्या. "काका, यांच्यात हजारच फूट ना? मग धोका मोजायचा कसा?" मी जन्मभर तेच काम केलं. तिला सांगितलं ते असं.

२००३ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे २९,००० ते ४१,००० फुटांमध्ये विमानांतलं दोन हजार फुटांचं उभं अंतर हजारावर आलं. मर्यादा अशी: उड्डाणाच्या १०० कोटी तासांमागे जीवघेणे अपघात ५ च्या आत, त्यातले यंत्रांच्या चुकीपोटी २.५. एक टक्कर म्हणजे दोन अपघात धरायचे.

आधी लगतच्या पातळ्यांवरची विमानं एकमेकांवरून किती वेळा जातात ते मोजा. समोरासमोरची क्षणात निघून जातात, एकाच दिशेची बराच वेळ वरखाली राहतात. दोन्ही वेगळी धरा. मग ती बरोबर एका रेषेत येण्याची शक्यता काढा. जीपीएसमुळे सगळे मार्गाच्या मधोमध उडतात, त्यामुळे ती वाढलीच आहे. समुद्रावर वैमानिक दोन सागरी मैलांपर्यंत उजवीकडे सरकतात ते याचसाठी.

मग उंचीमापक. हवेचा दाब घेणारं बारीक छिद्र विमानाच्या अंगावर असतं. त्याच्याभोवतीचा पत्रा जरा उंचसखल झाला तरी आकडा चुकतो. वैमानिकाला ३५,००० दिसतं आणि आपल्या पडद्यावरही तेच, कारण ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला उंची कळवणारं विमानातलं यंत्र, त्याच यंत्रणेचा आकडा पाठवतो. म्हणून खरी उंची बाहेरूनच तपासायची. आणि चुकांच्या आलेखावर संख्याशास्त्रातली नेहमीची घंटेच्या आकाराची रेषा बसवू नका. मोठ्या चुका तिच्या अंदाजापेक्षा जास्त घडतात.

पण माझ्या मते खरा धोका माणसांच्या बोलण्यात आहे. १९९६ मध्ये चरखी दादरीला १५,००० फुटांवर थांबायचं विमान त्याखाली आलं आणि समोरच्या विमानावर आदळलं, ३४९ माणसं गेली. माझ्याही एका रात्रपाळीत मी शेजारच्या केंद्राला ३५० पातळी, म्हणजे ३५,००० फूट, कळवली, मग विमान ३७० वर चढवलं आणि बदल सांगायचा राहिला. सहा मिनिटं ते विमान अशा पातळीवर होतं, जिथे त्या केंद्रात कुणाला त्याची कल्पनाच नव्हती. मी स्वतः नोंद केली.

अशा नोंदीत किती वेळा हे पुरत नाही. कोणती पातळी, किती मिनिटं, तेव्हा लगतच्या पातळीवर कोण होतं, सगळं लिहा. हिशेब मिनिटांवर चालतो. आणि एखाद्या महिन्यात नोंदी शून्य आल्या, तर आधी फोनची रेकॉर्डिंग काढून ऐका.