सुपलीचा दांडा असा करून घ्या

इंदूर 2017 ला स्वच्छतेत पहिलं आलं नि मग सलग येतच राहिलं, पण सोसायटीत झाडणाऱ्या मावशींची सुपली बघा, वीतभर मूठ, दर ढिगाऱ्याला कंबरेत वाका! पीव्हीसी पाइप घ्या, मावशींच्या मनगटाएवढा उंच (त्यांनाच उभं करून मापा, अंदाजपंचे नको), वर टी (इंग्रजी T सारखा पाइपाचा जोड) लावा म्हणजे मूठ आवळावी लागत नाही, त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, ओल्या हातातूनही सटकत नाही.

खरी गंमत खाली आहे. पाइपाला जुन्या बादलीची कडी घट्ट बसवा, कडीची टोकं खोलगट सुपलीच्या दोन्ही कडांना बोल्टने, पण मधोमध नाही, जरा तोंडाकडे, मग उचलली की मागची बाजू आपोआप खाली जाते आणि कचरा सांडत नाही. लॉकनटच लावा, साधा हलून हलून ढिला होतो.