अॅपॉप्टिनचा प्रयोग करताना या चुका टाळा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी पेशींत अॅपॉप्टिनचं जनुक घातल्यावर (याला ट्रान्सफेक्शन म्हणतात) ४८ तासांनी मी फ्लास्क उचलला, पेशींवरचा मीडिया (पोषक द्रव) सवयीने ब्लीचमध्ये ओतला आणि तळाला चिकटलेल्या पेशींना अॅनेक्सिन (मरणाऱ्या पेशींना चिकटणारं, त्या ओळखायला मदत करणारं प्रथिन) लावलं. आकडे कंट्रोलइतकेच (अॅपॉप्टिन नसलेल्या पेशींइतकेच) आले. वहीत लिहिलं, 'परिणाम नाही'. मरणाऱ्या पेशी तळ सोडून तरंगू लागतात, म्हणजे मी पुरावाच फेकून दिला होता. तो मीडिया जपून ठेवा, ट्रिप्सिन या एन्झाइमने तळापासून सुटलेल्या पेशींबरोबर सेंट्रिफ्यूज करा आणि मगच मोजा.

अॅपॉप्टिन हे कोंबड्यांच्या अॅनिमिया विषाणूचं १२१ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये नोटेबोर्न आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते पेशीला आत्मनाशाकडे नेतं, आणि त्यासाठी पी५३ (बिघडलेल्या पेशींना मरायला लावणारं प्रथिन) लागत नाही. पी५३ बिघडलेल्या गाठी खूप असतात, म्हणून या प्रथिनाबद्दल एवढी आशा आहे. कर्करोगाच्या पेशीत १०८ व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट चढतं आणि प्रथिन केंद्रकात जमतं. निरोगी पेशीत ते बहुधा केंद्रकाबाहेरच राहतं, पण अपवादही नोंदले गेले आहेत.

सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. तुलनेसाठी 'नॉर्मल' म्हणून एचईके २९३टी ही मानवी पेशींची सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशी) वापरली जाते, कारण ती हाताशी असते आणि डीएनए पटकन घेते. पण तिच्यात अॅडिनोव्हायरसची जनुकं आहेत आणि एसव्ही४० या विषाणूचं लार्ज टी अँटिजेन हे प्रथिनही आहे. हेच अँटिजेन निरोगी पेशीत घातलं तर अॅपॉप्टिन केंद्रकात शिरतं! तेव्हा ही तुलनाच मोडते. माणसाच्या त्वचेचे प्राथमिक फायब्रोब्लास्ट (थेट त्वचेतून काढून वाढवलेल्या पेशी) घ्या. पुण्याच्या एनसीसीएससारख्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) पेशी-भांडारातून आणलेल्या सेल लाइनचीही ओळख आणि मायकोप्लाझ्मा (पेशींत नकळत शिरणारे जिवाणू) अधूनमधून तपासत राहा.

फायब्रोब्लास्ट घेतले की पुढचा खड्डा येतो. ते डीएनए कमी घेतात. प्रथिन पोचलंच नाही म्हणून पेशी वाचल्या, आणि आपण म्हणतो 'निवडक परिणाम'. यावर उपाय म्हणजे जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेलं अॅपॉप्टिन वापरून, कर्करोगाच्या पेशी आणि फायब्रोब्लास्ट दोन्हीकडे सारख्याच चमकणाऱ्या पेशींची तुलना करणं. सोबत नुसत्या जीएफपीचा, तेवढ्याच डीएनएचा कंट्रोल हवाच, कारण ट्रान्सफेक्शनचं रसायनही पेशी मारतं.

जीएफपी असेल तर अॅनेक्सिन एफआयटीसी या रंगद्रव्याचं नको, दोन्ही हिरवे आहेत. एपीसी हे लाल चमकणारं घ्या. ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) नीट धुवून काढा, अॅनेक्सिनला कॅल्शियम लागतं. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये कॅस्पेज-३ हे आत्मनाशातलं एन्झाइम नाही, म्हणून डीएनएची शिडी (जेलवर पायऱ्यांसारखे दिसणारे डीएनएचे तुकडे) दिसली नाही तर घाबरू नका. आणि ४८ तासांवरच थांबू नका, ७२ आणि ९६ तासांचेही नमुने घ्या. प्रथिन आधी केंद्रकात दिसतं, पेशी नंतर मरते.