नक्षीदार जुनं कोल्ट घेताय? या चुका टाळा

अमेरिकी सरहद्दीच्या काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकात वस्ती पश्चिमेकडे सरकत होती तेव्हाच्या, नक्षीदार रिव्हॉल्व्हरवर नवखा संग्राहक भाळतो तो नक्षीवर, आणि फसतोही तिथेच. पोलाद किती जुनं आहे ते तो बघतो, पण नक्षी तेवढीच जुनी आहे का, हे तपासायचं राहून जातं.

पहिली गफलत सिलिंडरवरच्या चित्राची. कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या १८५१ च्या नेव्ही मॉडेलवर टेक्सस आणि मेक्सिकोच्या आरमारांची लढाई दिसते, सोबत १६ मे १८४३ ही तारीख. हे हातकाम नव्हे. ऑर्म्सबी या खोदकाराने बनवलेल्या साच्याने ते दाबून उठवलेलं आहे आणि साध्या नेव्हीवरही ते असतंच. नक्षीदार नगाचं काम चौकटीवर, नळीवर आणि मुठीमागच्या पट्टीवर शोधा.

खरा घोळ पुढे आहे. कोल्टचं १८७३ चं सिंगल ॲक्शन आर्मी मॉडेल साधं, बिननक्षीचं घ्यायचं, त्यावर अलीकडे वेलबुट्टी कोरायची आणि जुनं म्हणून विकायचं, हा धंदा चालतो. दहापट भिंग घ्या आणि तिरप्या उजेडात पाहा. गंजाच्या खड्ड्यावरून रेघ जात असेल तर तिचा तळ बघा. आधी रेघ आणि मग गंज, असं असेल तर खड्ड्याने रेघ खाल्लेली दिसते. खड्ड्यातूनही रेघ धारदार आणि स्वच्छ जात असेल, तर ती नंतरची. पेटंटच्या तारखांवरून वेल चढलेली असेल किंवा अक्षरं घासून पुसट झाली असतील, तरीही हात आखडता घ्या.

कोल्ट कारखान्याच्या दप्तराचा दाखला जरूर मागवा, पण तो नीट वाचा. त्या क्रमांकाचं रिव्हॉल्व्हर कधी, कुणाकडे आणि कोणत्या स्वरूपात रवाना झालं, याची नोंद तो सांगतो. हातातला नग तोच, याची हमी त्यात नसते. म्हणून चौकट, घोड्याची कडी (ट्रिगर गार्ड) आणि मागची पट्टी यांवरचे क्रमांक जुळवा. उलट, दाखल्यात नक्षीचा उल्लेख नाही म्हणून नग लगेच बाद करू नका. कोल्टच्या हार्टफर्डमधल्या कारखान्यात १८७१ पासून नक्षीकाम कुनो हेल्फ्रिक्टच्या हाताखाली होई. पण न्यूयॉर्कचा खोदकार एल. डी. निम्श्के व्यापाऱ्यांसाठी काम करायचा, त्यामुळे साधं निघालेलं रिव्हॉल्व्हर तिथेही सजलेलं असू शकतं. मात्र प्रत्येक वळणदार वेल निम्श्केच्या नावावर खपवणारे विक्रेतेही भरपूर आहेत.

घरी आणल्यावर सगळ्यात आधी, जाणकाराकडून, ते भरलेलं नाही याची खात्री करून घ्या. टोपीवाल्या (काडतुसाऐवजी सुटी दारू, गोळी आणि पर्कशन कॅप लागणाऱ्या) जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू-गोळी तशीच राहिलेली सापडते. मग मोह आवरा: पॉलिश नको, लोखंडी काथ्या (स्टील वूल) नको, नवा मुलामा तर नकोच. निकेलच्या मुलाम्याखाली तांब्याचा थर असेल, तर अमोनियाचं क्लीनर फटीतून आत शिरून तो खातं, आणि मग निकेल पापुद्र्यांनी सुटतं. जुन्या चामडी म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरून पोलाद गंजवतं. हस्तिदंती मूठ ऊन आणि कोरड्या हवेत तडकते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी: तिथल्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र अँटीक धरतात, राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. पण भारतात येताना ते सामानात टाकू नका. इथे शस्त्र कायदा १९५९ लागू होतो. त्यातली सूट जुन्या, पण बंदूक म्हणून वापरता न येणाऱ्या शस्त्रांपुरती आहे. हस्तिदंताचा व्यापार तर इथे बंदच आहे. परवाना अधिकारी आणि सीमाशुल्क विभाग यांच्याकडून आधी लेखी उत्तर घ्या, मगच तिकीट काढा.