घरात कॅक्टस ठेवायचाय? आधी खिडकी बघा, मग नर्सरी

नर्सरीतल्या कॅक्टसच्या ट्रेसमोर उभं राहिलं की जो सगळ्यात गोंडस दिसतो तोच हातात येतो. "याला काही लागत नाही हो, आठवड्याला दोन चमचे पाणी बास," असं विक्रेता सांगतो. आपण तो टीव्हीशेजारी नेऊन ठेवतो आणि श्रावण संपायच्या आत झाड बुडाशी मऊ पडतं. पाणी कमी लागतं हे खरंच आहे. पण बहुतेक कॅक्टसना ऊन भरपूर लागतं, आणि आपल्या फ्लॅटमध्ये नेमकी त्याचीच टंचाई असते. म्हणून खरेदीची सुरुवात घरातूनच करायची.

१. खिडकीतलं ऊन तपासा

कुंडी जिथे ठेवणार तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वर फूटभर अंतरावर हात धरा. सावलीची कड स्पष्ट, बोटं मोजता येण्याइतकी असेल तर ते ऊन. नुसता पुसट डाग पडला तर तो उजेड. सावलीच पडत नसेल तर तिथे कॅक्टस नको, मनी प्लँट लावा. सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमाराला असं तीनदा बघितलं की किती तास ऊन मिळतं याचा अंदाज येतो.

इंटरनेटवर सगळीकडे "दक्षिणेची खिडकी उत्तम" असं वाचायला मिळतं. तो सल्ला युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही. हिवाळ्यात मात्र तीच खिडकी ऊन खोलीच्या आतपर्यंत आणते. आपल्याकडे सगळ्यात बिनत्रासाची खिडकी पूर्वेची. पश्चिमेचीही चालते, फक्त एप्रिल-मेमध्ये काचेला चिकटून कुंडी ठेवू नका, झाडावर भाजल्याचे पांढुरके चट्टे पडतात आणि ते कधीच जात नाहीत.

कॉम्प्युटरचं रेडिएशन शोषतो म्हणून टेबलावर कॅक्टस ठेवण्याला काहीही आधार नाही. वास्तूचं ज्याचं त्यानं बघावं.

२. उन्हाप्रमाणे गट ठरवा

चार तास किंवा जास्त ऊन येत असेल, बाहेरची ग्रिल मोकळी असेल, तर मॅमिलेरिया घ्या. मूळची बरीचशी मेक्सिकोची ही झाडं लहान कुंडीत मावतात आणि डोक्याभोवती फुलांचं कडं धरतात. इकिनॉप्सिस आणि अ‍ॅस्ट्रोफायटमही याच गटातले. गोल्डन बॅरल मात्र दिवाणखान्यासाठी मी कुणाला सुचवणार नाही. पिवळ्याधमक काट्यांचा तो गोळा गच्चीवर राजासारखा दिसतो, पण घरात दोन वर्षांत फिका आणि लांबुडका होतो.

दोन-तीन तासच ऊन असेल तर जिम्नोकॅलिशियम. दक्षिण अमेरिकेत याच्या अनेक जाती गवताच्या, झुडपांच्या आडोशाला वाढतात, त्यामुळे सावलीशी त्यांचं बरं जमतं. झाड लिंबाएवढं असतानाच त्याला रेशमी पाकळ्यांचं भलंमोठं फूल येतं. फ्लॅटमधल्या पहिल्या कॅक्टससाठी माझं मत यालाच.

नुसता उजेडच असेल तरी निराश व्हायचं कारण नाही. सगळे कॅक्टस वाळवंटातले नसतात. काही रानात, झाडांच्या फांद्यांवर वाढतात. लोंबत्या दोऱ्यांसारखी ऱ्हिप्सॅलिस त्यातलीच, आणि थंडीच्या तोंडावर फुलणारा, ब्राझीलच्या डोंगरांतला ख्रिसमस कॅक्टसही. याला कळ्या धरायला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. रात्री उशिरापर्यंत ट्यूब चालू असलेल्या खोलीत तो पानांपानांनीच वाढत राहतो.

या गटातला तिसरा तुमच्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात ज्याच्यासाठी शेजारीपाजारी रात्री अकराला बोलावले जातात, ज्याचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडतात, ते घरोघरचं ब्रह्मकमळ म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटलम. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आलेला अस्सल कॅक्टस. हिमालयातलं, उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं ब्रह्मकमळ हे अगदी वेगळं झाड. आपल्या ब्रह्मकमळाची 'पानं' म्हणजे खरं तर चपटे झालेले दांडेच, म्हणून तर त्यांच्या कडेवरून कळी निघते. हे विकत घेऊ नका. कुणाकडून तरी वीतभर तुकडा मागून आणा, कापलेली बाजू सावलीत चार-पाच दिवस सुकू द्या आणि मग लावा. रानातल्या या कॅक्टसना पालापाचोळ्याचं खत घातलेली माती आवडते, आणि त्यांना पार कोरडं पडू द्यायचं नाही.

३. तो कॅक्टसच आहे ना, ते बघा

काटे आहेत म्हणजे कॅक्टस असं नाही. खऱ्या कॅक्टसचे काटे छोट्या लोकरी ठिपक्यातून निघतात, त्याला एरिओल म्हणतात. तीन धारांचे थोर किंवा लाल-गुलाबी फुलांचा युफोर्बिया यांना तसा ठिपका नसतो. त्यांच्यातून जो पांढरा चीक निघतो तो कातडीला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर चांगलाच त्रास देतो. घरात रांगतं मूल असेल तर हा फरक पाठ करूनच नर्सरीत जा.

४. कुंडी हातात घेऊन तपासा

आधी फूल बघा. कॅक्टसच्या अगदी टोकावर मधोमध, कागदासारखं कुरकुरीत, भडक रंगाचं फूल असेल तर कुंडी जरा तिरपी करा. फुलाखाली गोंदाचा पारदर्शक थेंब चमकताना दिसेल. ते वाळवलेलं फूल चिकटवलेलं असतं, आणि गोंद नेमका वाढीच्या जागेवर बसतो. रंग फासलेले आणि वर खडे चिकटवून पक्के केलेले कॅक्टसही असेच टाळा. खड्यांखालची माती ओली की कोरडी, काही कळत नाही.

हिरव्या खुंटावरचा लाल किंवा पिवळा गोळा, म्हणजे मून कॅक्टस, हे कलम आहे. वरच्या गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, तो पूर्णपणे खालच्या खुंटावर जगतो. खुंट बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्या जातकुळीतला. जोडी काही वर्षंच टिकते. हे माहीत असून घ्यायचा असेल तर जरूर घ्या.

आता बूड. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने मातीलगतचा भाग हलकेच दाबा. टणक लागला पाहिजे. म्हाताऱ्या झाडाचं बूड तपकिरी आणि बुचासारखं होतं, ते चालतं. मऊ किंवा पाणचट असेल तर खाली ठेवा. मग शेंडा. गोल कॅक्टस वरून निमुळता, फिकट झाला असेल तर त्याने सावलीत दिवस काढलेत. शेवटी काट्यांच्या बुडाशी कापसासारखं काही चिकटलंय का बघा. लोकर सगळ्या ठिपक्यांवर सारखी असते, पिठ्या ढेकूण ही कापसासारखी दिसणारी कीड मात्र खाचाखोचांतून कुठेतरी दडून असते. एक सापडला तरी ती कुंडी घरी नेऊ नये.

सशाच्या कानांसारखा दिसणारा, काटे नसल्यासारखा फड्या निवडुंग मुलांना हमखास आवडतो. त्याच्यावरचे पिवळे ठिपके म्हणजे केसासारख्या बारीक आकडेदार काट्यांचे झुबके. नुसता हात लागला तरी शेकड्यांनी बोटात घुसतात. घुसलेच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा.

५. घरी आणल्यावर

खरेदी पावसाळा सोडून करा, ऑक्टोबरनंतर उत्तम. नर्सरीत झाड हिरव्या जाळीखाली असतं, त्यामुळे आणल्या आणल्या कडक उन्हात न ठेवता पंधरा-वीस दिवसांत हळूहळू सरकवा. बहुतेक झाडं नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, येतात. ते एकदा वाळलं की पाणी घेत नाही आणि भिजलं की सोडत नाही. वाळवंटी कॅक्टस असेल तर आठवडाभराने ते झाडून टाका आणि निम्मी जाडसर वाळू किंवा विटेचा चुरा, निम्मी माती आणि जुनं कुजलेलं शेणखत मिळून भरा. कुंडी झाडापेक्षा बोटभरच रुंद, मातीची, खाली भोक असलेली. भरल्यावर चार-पाच दिवस पाणी नाही. जूनपासून ग्रिलमधली कुंडी पावसाच्या झडीतून आत घ्या, आणि हवा दमट असेपर्यंत माती तळापर्यंत वाळल्याशिवाय पाणी घालू नका. तळापर्यंत वाळली का ते कुंडीच्या वजनावरून कळतं, किंवा भोकातून काडी घालून.