स्वच्छ टेबल कसे राखावे: महसूल खात्यात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

शासकीय सेवेत येणाऱ्या प्रत्येकाला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू होतात आणि त्यांतील नियम 3 कर्मचाऱ्याकडून नितांत सचोटी, कर्तव्यपरायणता आणि पदाला शोभेल असे वर्तन यांची अपेक्षा करतो. नियम सुस्पष्ट आहे. पण समोर अर्जांचा गठ्ठा, दारात पंधरा माणसे आणि टेबलावर साहेबांचा निरोप अशी सकाळ असते, तेव्हा ही सचोटी नेमकी कोणत्या कृतीत उतरवायची, हे नव्या कर्मचाऱ्याला कोणी सांगत नाही. ज्या कार्यालयात सामान्य माणसाचे येणे सर्वाधिक, त्या महसूल कार्यालयाचे उदाहरण घेऊन ते येथे सांगत आहे.

लाच मागितली जाण्याच्या पुष्कळ आधी तिच्यासाठी जागा तयार झालेली असते, आणि ती जागा विलंबाने तयार होते, असे माझे ठाम मत आहे. आपला अर्ज कोणाकडे आहे, का थांबला आहे आणि कधी निघेल हे ज्याला कळत नाही, तोच माणूस कार्यालयाबाहेरच्या एजंटापुढे हात जोडतो. म्हणून पैशाला हात न लावणे एवढ्याने भागत नाही. तुमच्या टेबलावर कोणाला पैसे द्यावेसे वाटूच नयेत, अशी कामाची रीत पहिल्या आठवड्यापासून बसवावी लागते.

आलेला कागद

अर्ज हाती घेतला की त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही करून पोच द्यावी. "ठेवून जा, बघतो," हे शब्द तोंडून निघूच देऊ नयेत. त्याच दिवशी कार्यविवरण नोंदवहीत नोंद घ्यावी आणि अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढावेत. एखादा अर्ज क्रम मोडून आधी घ्यावाच लागला, उदाहरणार्थ रुग्णालयात भरतीसाठी उत्पन्नाचा दाखला तातडीने हवा असला, तर तसे करण्याचे कारण टिप्पणीत एका ओळीत लिहावे. लिहिता येईल असे कारण नसेल, तर क्रम मोडू नये.

अर्जात त्रुटी असतील तर त्या सर्व एकाच पत्रात लेखी कळवाव्यात. आज मृत्यूचा दाखला मागायचा, आठ दिवसांनी शिधापत्रिकेची प्रत आणि त्यानंतर प्रतिज्ञापत्र, ही पद्धत अनेक कार्यालयांत इतकी अंगवळणी पडली आहे की, ती छळवणूक आहे याचे भान राहत नाही. चाळीस किलोमीटरवरून एसटीने येणाऱ्या मजुराचा प्रत्येक फेरीत एका दिवसाचा रोजगार बुडतो, आणि तिसऱ्या फेरीला तो स्वतःच विचारतो, "किती द्यायचे?"

कायदाही याच बाजूने उभा आहे. बदल्यांच्या विनियमनाचा आणि विलंबास प्रतिबंधाचा महाराष्ट्राचा 2005 चा अधिनियम सांगतो की, कोणतीही नस्ती, म्हणजे प्रकरणाची फाइल, कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवावी न लागणाऱ्या प्रकरणांत 45 दिवसांत आणि पाठवावी लागणाऱ्या प्रकरणांत तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असेही तो सांगतो. त्याखेरीज महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवांची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांचा फलक लावणे बंधनकारक आहे. हा फलक कपाटामागे गेला असेल, तर तो पुढे आणून लावण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. दर शुक्रवारी शेवटचा अर्धा तास सात दिवसांहून जुनी झालेली प्रकरणे पाहण्यासाठी राखून ठेवावा.

एक वारस नोंद

पैसा न घेणारी माणसेही कुठे चुकतात, हे वारस नोंदीच्या एका प्रकरणातून चांगले दिसते. वडील वारले आणि दोन भाऊ अर्ज घेऊन आले. अर्जात दोघांची आणि आईची नावे आहेत. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीचे नाव नाही. भाऊ म्हणतात, "भाऊसाहेब, तिला काही नको आहे, तिचे सगळे व्यवस्थित लावून दिले आहे." गावात सर्वांना बहीण ठाऊक आहे, तुम्हालाही आहे. कोणी पाकीट पुढे केलेले नाही. फक्त तुम्ही अर्जाप्रमाणे नोंद धरावी एवढीच अपेक्षा आहे.

अशा वेळी अर्जाबाहेर पाहणे हेच तुमचे काम आहे. मृत खातेदाराला किती अपत्ये होती, त्यांत मुली किती आणि त्या कोठे राहतात, हे स्पष्ट शब्दांत विचारावे आणि उत्तर जबाबात लिहून घ्यावे. प्रतिज्ञापत्रातील नावे शिधापत्रिकेशी ताडून पाहावीत, पोलीस पाटलांना आणि शेजाऱ्यांना विचारावे. सर्व वारसांची नावे वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-क मध्ये घ्यावीत. बहिणीला खरोखरच हिस्सा नको असेल, तर तिचे नाव लागल्यावर ती स्वखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देऊ शकते. तो निर्णय तिचा आहे, भावांचा नाही आणि तुमचा तर नाहीच. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे, आणि तो सातबाऱ्यावर उतरतो की नाही हे पुष्कळदा तलाठ्याच्या, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्या, एका प्रश्नावर अवलंबून असते.

दुसरी चूक नोटिशीच्या तारखेत होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 नुसार फेरफाराची सूचना हितसंबंधितांना द्यावी लागते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवावे लागतात. "कर्जाचे प्रकरण अडले आहे, तेवढी मागची तारीख टाका," ही विनंती ओळखीचा माणूस करतो, काकुळतीने करतो, आणि तिच्यात पैशाचा संबंधही नसतो. तरीही मागची तारीख टाकणे म्हणजे शासकीय अभिलेखात खोटे लिहिणे आहे. ज्याची हरकत त्या पंधरा दिवसांत आली असती, त्याचा हक्क तुम्ही एका आकड्याने बुडवता. हरकत आलीच, तर ती लेखी घ्यावी, पोच द्यावी, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-अ मध्ये नोंदवावी आणि सुनावणीसाठी वर पाठवावी. हरकतदाराला समजावून परत पाठवणे हे तुमचे काम नाही.

प्रकरण आपल्याच भावकीतले, मित्राचे किंवा ज्याच्याशी आपला व्यवहार आहे अशा माणसाचे असेल, तर तसे वरिष्ठांना दोन ओळींत लिहून कळवावे आणि ते दुसऱ्याकडे सोपवण्याची विनंती करावी. तुम्ही नि:पक्षपाती राहालही. पण हरलेल्या बाजूने तुमच्या नि:पक्षपातीपणावर विश्वास का ठेवावा, याचे उत्तर तुमच्यापाशी नसते.

भाजीची पिशवी

काम झाल्यावर आजोबा टेबलाच्या पायाशी पिशवी ठेवतात. आत मेथीच्या दोन जुड्या आणि वांगी असतात. नाकारावे तर त्यांचे मन मोडते, घ्यावे तर उद्या दुसऱ्याला वाटते की येथे काहीतरी आणावे लागते. पिशवी त्याच क्षणी, सर्वांसमोर आणि गोड शब्दांत परत करावी: "आजोबा, नोंदीचा कागद मिळाला ना? मग झाले. ही भाजी घरी न्या, नातवंडांना होईल." शिपायाकरवी नंतर परत पाठवू नये, कारण मधल्या वेळेत ती घेतली गेल्याचे सर्वांनी पाहिलेले असते. शिवाजी महाराजांनी 1676 मध्ये प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रात रयतेच्या भाजीच्या देठासही मन न दाखवता वागण्याची ताकीद आहे. सुभेदाराला देठापासून सावध करावे लागते, कारण रयत देठच आधी पुढे करते.

रोख रकमेबाबत मात्र कायद्याने संदिग्धता ठेवलेली नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 च्या कलम 7 मध्ये 2018 च्या दुरुस्तीनंतर एक उदाहरणच दिलेले आहे: शिधापत्रिकेचा नेहमीचा अर्ज वेळेत निकाली काढण्यासाठी लोकसेवकाने पाच हजार रुपये मागितले, तर तो दोषी ठरतो. म्हणजे काम नियमानुसारच केले हा बचाव चालत नाही, आणि मागणी करणे हाही गुन्हाच आहे. शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास व दंड अशी आहे. रक्कम दुसऱ्यासाठी स्वीकारणाराही यातून सुटत नाही. म्हणून "साहेबांचे आहे, तेवढे तुमच्या खणात राहू द्या," असे कोणी म्हणाले, तर खण उघडू नये.

तोंडी आदेश

नव्या कर्मचाऱ्याला सर्वांत अवघड जाते ते हे. दूरध्वनी येतो, "ते प्रकरण आजच करून टाका." आदेश साधारणपणे लेखी असावा, तोंडी देणे अपरिहार्य झाले तर वरिष्ठांनी तो लगेच लेखी कायम करावा, आणि तोंडी आदेश मिळालेल्या कर्मचाऱ्यानेही लवकरात लवकर लेखी पुष्टी मागावी, असे वर्तणूक नियमांत आहे. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही 2013 मध्ये सनदी अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या तोंडी सूचना नोंदवून ठेवण्यावर भर दिला. पुष्टी मागताना भाषा नम्र आणि कोरडी असावी:

"मा. तहसीलदार महोदयांनी आज दुपारी 3 वाजता दूरध्वनीवरून दिलेल्या निर्देशांनुसार प्रकरण सादर. तथापि हरकतीची मुदत अद्याप संपलेली नाही. निर्देशांची लेखी पुष्टी व्हावी, ही विनंती."

या टिप्पणीत आरोप नाही, उपदेश नाही. आदेश, वस्तुस्थिती आणि विनंती एवढेच आहे. अयोग्य आदेशांपैकी बरेचसे येथेच गळून पडतात, कारण ते लिहून देण्याची तयारी नसते. नस्तीवर "चर्चा करावी" असा शेरा आला, तर चर्चेनंतर नुसते "चर्चेप्रमाणे" असे लिहू नये. काय ठरले ते लिहावे. माहितीच्या अधिकारात टिप्पणीही मागता येते, तेव्हा ती दहा वर्षांनी एखादा अनोळखी माणूस वाचेल असे समजून लिहावी.

याची किंमत बदलीच्या रूपाने मोजावी लागेल, ही भीती खरी आहे आणि ती मी कमी लेखत नाही. परंतु वर उल्लेखिलेल्याच 2005 च्या अधिनियमानुसार एका पदावरील कालावधी सामान्यतः तीन वर्षांचा असतो आणि मुदतपूर्व बदलीसाठी कारणे लेखी नोंदवावी लागतात. ती नसतील, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, आणि तेथे तुमच्या बाजूने बोलतात ते तुम्ही वेळोवेळी लिहिलेले कागदच. वसुलीचा वाटा गोळा करण्याचा दबाव येत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे 1064 या क्रमांकावर शासकीय कर्मचारीही तक्रार करू शकतो.

स्वतःचे हिशेब

दरवर्षी 31 मार्चच्या स्थितीचे मत्ता व दायित्वाचे विवरणपत्र स्वतः बसून भरावे, गेल्या वर्षीचे उतरवून काढू नये. वडिलार्जित शेतीतील हिस्सा, पत्नीच्या किंवा पतीच्या नावावरील सदनिका, नातेवाइकाकडून घेतलेले उसने पैसे, सर्व दाखवावे. मिळकत घेण्यापूर्वी कार्यालयाला कळवावे आणि पैशाचा स्रोत दाखवणारे कागद एका पाकिटात जपून ठेवावेत.

कार्यभार सोडताना

बदलीच्या दिवशी सत्काराच्या गडबडीत कार्यभाराची यादी घाईने उरकली जाते. ती आदल्या दिवशीच तयार करावी. प्रत्येक प्रलंबित प्रकरणाचा क्रमांक, ते का थांबले आहे, पुढची तारीख कोणती आणि कोणाचे मूळ कागद आपल्या ताब्यात आहेत, हे लिहावे. नोंदवह्यांची पाने मोजून संख्या टाकावी, कोऱ्या ओळींवर रेघ मारावी, म्हणजे मागाहून कोणी तेथे नोंद घुसडू शकणार नाही. घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची सही झाल्यावर यादीची एक प्रत कार्यालयात ठेवावी, एक वरिष्ठांना द्यावी आणि एक घरी न्यावी.