पिकअपचं इंजिन ऑइल निवडताना या चुका टाळा

टोमॅटोचा हंगाम भरात होता. आमची पिकअप नारायणगावच्या मार्केटबाहेर रांगेत उभी होती. डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातल्या काजळीच्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागलेला, आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी ओढ घेईना. ड्रायव्हरनं डिपस्टिक काढून पुसली, परत घालून बाहेर काढली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. तीन आठवड्यांपूर्वी मीच बघितलं होतं, बरोबर खुणेवर होतं. मधे कुणी थेंबही घातला नव्हता. दोन बोटांत धरून चोळलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास डिझेलचा.

त्या दिवशी माल दुसऱ्या गाडीत भरून पाठवला. पण त्यानिमित्तानं कळलं की दीड वर्ष आम्ही या गाडीत चुकीचं ऑइल घालत होतो. वॉरंटी संपल्यावर तालुक्याच्या एका दुकानातून बॅरलमधलं सुटं ऑइल घ्यायला लागलो. "डिझेलचं आहे, सगळ्या गाड्यांना चालतं," एवढ्यावर विश्वास ठेवला. आमची जुनी पिकअप त्याच ऑइलवर वर्षानुवर्षं चालली होती, म्हणून शंकाही आली नाही. पण जुनी गाडी बीएस३ होती आणि ही बीएस६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे नियम हिला कितीतरी कडक. आज पिकअपवाल्यांकडून होणारी सगळ्यात महागडी चूक हीच आहे, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

बीएस६ गाडीत जुन्या दर्जाचं ऑइल

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस६ लागू झालं. तेव्हापासूनच्या बहुतेक सगळ्या डिझेल पिकअपच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. अडवलेली काजळी गाडी अधूनमधून स्वतःच जाळून टाकते. त्याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो.

काजळी जळते, राख जळत नाही. ही राख येते इंजिन ऑइलमधून. ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांची रसायनं मिसळलेली असतात. इंजिन आतून स्वच्छ ठेवणं, आम्ल मारणं, झीज रोखणं ही त्यांची कामं. प्रत्येक इंजिन थोडंफार ऑइल जाळतंच, आणि जळालेल्या ऑइलमधल्या या धातूंची राख फिल्टरमध्ये जाऊन बसते. ती तिथेच राहते. फिल्टर काढून मशिनवर साफ करावा लागतो, नाहीतर नवा घालावा लागतो.

म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर एपीआयचा, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, दर्जा लिहिलेला असतो. सीआय-४ हा दर्जा २००२ चा आणि सीआय-४ प्लस २००४ चा, म्हणजे डीपीएफच्या जमान्याआधीचे. त्यांत राखेवर मर्यादाच नाही. सीजे-४ हा २००६ चा दर्जा डीपीएफ डोळ्यांपुढे ठेवून आणला आणि त्यात राख जास्तीत जास्त एक टक्का ठरवली. डिसेंबर २०१६ मध्ये सीके-४ आला, त्यातही तीच मर्यादा आहे. काही कंपन्या एपीआयऐवजी युरोपातला एसीईएचा दर्जा मागतात, सी२ किंवा सी३ असा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे छापलंय ते शेवटच्या अक्षरापर्यंत जुळलं पाहिजे.

सीके-४ ऑइल जुन्या बीएस३, बीएस४ इंजिनातही चालतं. उलटं चालत नाही. दोन गाड्या दोन पिढ्यांच्या असतील आणि दोन्हींचा ग्रेड, म्हणजे १५डब्ल्यू-४० सारखा घट्टपणाचा आकडा, एकच असेल, तर दोन्हींसाठी सीके-४ घ्या, म्हणजे घाईत डबे बदलायची भीतीच नाही. एफए-४ मात्र वेगळं प्रकरण आहे. तो दर्जा खास पातळ ऑइलांचा आहे, पुस्तकात स्पष्ट लिहिलं नसेल तर हात लावू नका. गाडी कुठल्या बीएसची आहे हे आठवत नसेल तर आरसी बघा, त्यावर लिहिलेलं असतं.

आता आमच्या गाडीचं ऑइल वर का चढलं? ते एकट्या बॅरलच्या ऑइलचं पाप नव्हतं, हे सांगायला हवं. रिजनरेशनच्या वेळी इंजिन जादा डिझेल सोडतं. बऱ्याच इंजिनांत ते सिलिंडरमध्येच सोडलं जातं आणि त्यातलं थोडं भिंतींवरून ओघळून खाली चेंबरमध्ये ऑइलमध्ये मिसळतं. गाडी हायवेला पंधरा-वीस मिनिटं सलग पळाली तर काम पुरं होतं. आमची गाडी त्या तीन आठवड्यांत शेतातून मार्केट, मार्केटमधून शेत, आणि मधे रांगेत तासन् तास इंजिन चालू, एवढंच करत होती. दर वेळी रिजनरेशन सुरू व्हायचं आणि अर्ध्यात तुटायचं. त्यात दीड वर्षाच्या राखेनं फिल्टरची जागा खाल्लेली, म्हणून काजळीला जागा कमी आणि रिजनरेशनची वेळ वरचेवर. दोन्ही गोष्टी एकमेकींना मिळाल्या.

डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर "बरं झालं, कमी तर नाही" असं समजू नका. डिझेल मिसळलेलं ऑइल बेअरिंगला सांभाळू शकत नाही. ते ताबडतोब बदलायचं, किलोमीटर किती झालेत हे न बघता. ऑइल दुधट, कॉफीसारखं दिसलं तर त्यात कूलंटचं पाणी शिरलंय. मग गाडी चालवूच नका, टोचन करून गॅरेजला न्या.

आणखी एक. दिवा लागला की "डीपीएफ काढून टाकू, कटकट संपेल" असं सुचवणारे भेटतात. तो काढणं बेकायदेशीर आहे, आणि त्या काजळीत आपल्याच गावातली पोरं श्वास घेतात.

जाड ऑइल म्हणजे ताकदीचं ऑइल

हा समज फार खोलवर बसलाय. माल जास्त, घाट जास्त, म्हणून १५डब्ल्यू-४० च्या जागी २०डब्ल्यू-५० घालायचं. माझे काकाही असंच करायचे.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती लवकर वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ते किती घट्ट राहतं ते. घट्टपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात; शंभर अंशांवर ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० चं १२.५ ते १६.३ आणि ५० चं १६.३ ते २१.९ असतं. इंजिन बांधताना बेअरिंगमधली फट, ऑइल पंप, टर्बोला जाणारी बारीक नळी हे सगळं ठरावीक घट्टपणा धरून बनवलेलं असतं. जास्त जाड ऑइल सकाळी पहिल्या स्टार्टला टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. तो कोरडा फिरला की झीज तिथेच सुरू होते. डिझेलही जास्त लागतं, ते वेगळं.

थंडीची काळजी आपल्याकडे फार करायला नको. १५डब्ल्यू ऑइलची चाचणीच उणे वीस-पंचवीस अंशांवर होते, आणि निफाडला पारा पाच-सहावर आला तरी आपण त्याच्या कितीतरी वर असतो. पण पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो" म्हणून १५डब्ल्यू-४० घालू नका. तिथे प्रश्न थंडीचा नाही, त्या इंजिनाच्या बनावटीचा आहे.

गाडी जुनी झाली, ऑइल प्यायला लागली, की मेस्त्री जाड ऑइल सुचवतो. पुस्तकातल्या तक्त्यात तो ग्रेड दिलेला असेल तर घाला. पण सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो गेलाय. जाड ऑइल तो धूर चार महिने झाकतं, आणि तेवढ्यात थोडक्यात होणारं काम इंजिन बांधण्यापर्यंत जातं. माझ्या मते आधी कारण शोधावं.

रंगावरून पारख

नवं ऑइल घातलं आणि दोनशे किलोमीटरमध्ये काळं पडलं, म्हणून दुकानदाराशी भांडणारे मी पाहिलेत. डिझेल इंजिनात ऑइल काळं पडायलाच हवं. काजळी एका जागी साचू न देता ती अंगावर तरंगत धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे. काळं पडत नसेल तर उलट ती काजळी इंजिनातच चिकटत असेल.

सीएनजी पिकअपवाल्यांची फसगत याच्या नेमकी उलट होते. सीएनजीत काजळी जवळपास नसते, म्हणून ऑइल महिनोन् महिने मधासारखं दिसतं. पण ज्वलन जास्त तापमानाचं असल्यानं ऑइल आतून विटतं आणि घट्ट होत जातं. "अजून स्वच्छ आहे" म्हणून बदली पुढे ढकलू नका. शिवाय सीएनजीचं इंजिन स्पार्क प्लगवर चालतं, त्याला डिझेलचं ऑइल आपोआप लागू पडेल असं नाही. एपीआयचे एस अक्षरानं सुरू होणारे दर्जे अशा इंजिनांचे, सी अक्षरानं सुरू होणारे डिझेलचे. मोटारसायकलचं उरलेलं ऑइल तर पिकअपला दाखवूही नका, ते ओल्या क्लचसाठी बनवलेलं असतं.

फक्त किलोमीटर मोजणं

रांगेत, मार्केटमध्ये, कारखान्याच्या गेटवर इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीचं मीटर हलत नाही, ऑइल मात्र झिजत असतं. पुस्तकात बदलीचे दोन अंतर दिलेले असतात. एक साध्या वापराचं आणि एक कष्टाच्या वापराचं: भरपूर ओझं, धूळ, घाट, कमी वेग, सतत थांबणं. नीट वाचलंत तर आपल्या बहुतेक पिकअप दुसऱ्या रकान्यात बसतात. साठ कॅरेट भरून माळशेज उतरायचा आणि कल्याणहून परतीचं भाडं घेऊन तोच घाट चढायचा, हा साधा वापर नाही. आणि किलोमीटर भरले नाहीत तरी वर्ष भरलं की ऑइल बदला.

बदलताना होणारी गडबड

ऑइल नवं आणि ऑइल फिल्टर जुना, असं करू नका. फिल्टर तुंबला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगला जातं. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबरी गॅसकेट इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन गॅसकेट एकावर एक बसली तर रस्त्यात सगळं ऑइल बाहेर फेकलं जातं.

डबा घेतला आणि सगळा ओतला, असंही नको. खालच्या खुणेइतकंच वाईट वरच्या खुणेच्या वर जाणं. क्रँक ऑइलमध्ये बुडून फेस करतो, आणि फेस पंपाला ओढता येत नाही. सपाट जागेवर गाडी बंद करून दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघा. थोडं थोडं ओता.

रस्त्यात ऑइल कमी झालं आणि तोच डबा मिळेना, तर दुसऱ्या कंपनीचं त्याच ग्रेडचं, त्याच दर्जाचं घाला. एपीआयची ऑइलं एकमेकांत मिसळतात, दह्यासारखी फुटत नाहीत. तेवढंही मिळालं नाही तर कुठलंही डिझेल इंजिन ऑइल घालून घर गाठा आणि नंतर सगळं बदला. कोरडं इंजिन पळवण्यापेक्षा ते बरं.

सुटं ऑइल आम्ही बंद केलं. बॅरलमध्ये काय आहे हे बघायचा कुठलाच मार्ग नसतो. सीलबंद डबा घेतानाही टोपणाखालचं पातळ सील फुटलेलं नाही ना ते बघा. मागच्या बाजूला एपीआयचं कड्यासारखं गोल चिन्ह शोधा. त्याच्या वरच्या कडेला दर्जा आणि मधोमध ग्रेड लिहिलेला असतो. दुकानाच्या पाटीवरच्या नावापेक्षा त्या दोन गोष्टी वाचा. रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोक पाडून मगच भंगारात द्या, म्हणजे तो परत भरून विकता येणार नाही. जुनं ऑइल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला परत द्या.

आमच्या गाडीचं ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी बदलले, सीके-४ घातलं. मग गॅरेजमध्ये लॅपटॉप जोडून रिजनरेशन करून घेतलं, तेव्हा दिवा गेला आणि ओढही परत आली. आता ड्रायव्हर दर सोमवारी सकाळी डिपस्टिक बघून वहीत लिहितो, आणि दोन-तीन दिवसांत एकदा तरी गाडी आळेफाट्यापर्यंत सलग पळवून आणतो. दीड वर्षाची राख मात्र डीपीएफमध्ये तशीच आहे. हंगाम संपला की तो उतरवून साफ करायला पाठवायचाय.