गाडीच्या कार्पेटवर ऑइल, कूलंट किंवा पेट्रोल सांडलं तर

आधी काय सांडलंय ते ओळखा, बादली आणि ब्रश नंतर. इंजिन ऑइलवर पाणी ओतलं तर डाग आणखी पसरतो, आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) मात्र पाण्याशिवाय निघत नाही. गाडीचं कार्पेट पातळ दिसतं, पण त्याच्याखाली फेल्टचा किंवा फोमचा जाड थर असतो. वास, चिकटपणा आणि पत्र्याचा गंज या सगळ्याचं मूळ तिथे असतं.

डागावर पांढरा टिश्यू दाबून बघा. वापरलेलं इंजिन ऑइल काळपट उमटतं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. कूलंट हिरवं, लाल किंवा निळं असतं, बोटांना बुळबुळीत लागतं आणि वास गोडसर येतो. टिश्यूवर नुसतं बिनवासाचं पाणी आलं तर बहुधा एसीची ड्रेन नळी तुंबलेली असते. ती मोकळी करून कार्पेट वाळवलं की झालं.

इंजिन ऑइल सांडल्यावर चोळू नका. चोळल्याने तेल धाग्याच्या बुडाशी जातं. जुन्या सुती कापडाने कडेकडून मध्याकडे टिपत या आणि कापड सारखं बदला. मग कॉर्नफ्लोअर किंवा खाण्याचा सोडा डागावर जाडसर पसरून रात्रभर ठेवा. सकाळी व्हॅक्यूमने काढा आणि पावडर तेलकट झालेली दिसली तर पुन्हा टाका. पावडर पूर्ण निघाल्याशिवाय पाणी लावायचं नाही, नाहीतर तिची लापशी होऊन धाग्यांत बसते.

त्यानंतर अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक चहाचा चमचा. यापेक्षा जास्त नको. उरलेला साबण धूळ धरतो आणि धुतलेली जागा काही दिवसांत पुन्हा काळी पडते. मऊ ब्रशने फेस लावा, टिपा, साध्या पाण्याच्या ओल्या कापडाने दोन-तीनदा पुसा. शेवटी कोरडा टॉवेल घालून वर जड वजन ठेवा. वाळताना खालचं तेल ओलाव्याबरोबर वर येतं. ते टॉवेलमध्ये उतरतं.

कूलंटची गोष्ट वेगळी. त्यातलं ग्लायकॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून कार्पेट आठवडाभर उन्हात ठेवूनही ओलसरच लागतं. ते पाण्यात सहज विरघळतं, पण फेल्टमधून धुऊन निघायला कार्पेट उचलावंच लागतं. दारालगतच्या प्लास्टिक पट्ट्या क्लिपांतून सुटतात, सीटचे बोल्ट काढले की कार्पेट वर येतं. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. ते सोडवण्याआधी इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि काही मिनिटं थांबा. सीट पुन्हा जोडेपर्यंत इग्निशन चालू करू नका. फेल्ट कोमट पाण्याने भरपूर धुवा, बुळबुळीतपणा जाईपर्यंत. कूलंट कुत्र्या-मांजरांसाठी विषारी असतं आणि गोडसर असल्याने ती ते चाटतात, तेव्हा धुतलेलं पाणी अंगणात सोडू नका.

काहीही सांडलेलं नसताना पुढच्या सीटसमोरचं कार्पेट चिकट लागतंय आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरतंय, तर डॅशबोर्डमागचा हीटर कोअर (गरम कूलंट फिरवून आतली हवा तापवणारा छोटा रेडिएटर) गळत असण्याची दाट शक्यता आहे. तो दुरुस्त होईपर्यंत साफसफाई वाया जाते.

चालकाच्या पायाशी, क्लच पेडलखाली ओलं दिसलं तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा भाग, तपासा. डॉट-3 आणि डॉट-4 ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, म्हणून पाण्याने धुवा. ते रंग सोलतं; पत्र्यावर उडालेले थेंब लगेच पाणी मारून काढा. बीएस-6 डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करण्यासाठी वापरतात ते डीईएफ म्हणजे 32.5 टक्के युरियाचं द्रावण. वाळल्यावर त्याचे पांढरे खडे धरतात, ते कोमट पाण्यात विरघळतात. साबणाची गरज नाही.

इन्व्हर्टरची बॅटरी डिकीतून नेताना कलंडली तर हातमोजे आणि चष्मा घाला, खाण्याचा सोडा टाका आणि फसफसणं थांबेपर्यंत टाकत राहा. मग पाण्याने धुवा. उशीर झाला तर ॲसिड कार्पेट आणि खालचा पत्रा दोन्ही खातं.

पेट्रोलला मात्र व्हॅक्यूम, ड्रायर किंवा हीटर लावायचा नाही. वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि व्हॅक्यूमच्या मोटरची एक ठिणगी पुरे. गाडी उघड्यावर ढकलत न्या, चारही दारं आणि डिकी उघडा, कापडाने टिपा, ती कापडं बाहेर मोकळ्यावर पसरा. वास पूर्ण गेल्यावरच सोडा टाका.

पावसाळ्यात फेल्ट वाळायला दोन-तीन दिवस सहज लागतात. कार्पेटखाली लाकडाचे तुकडे ठेवून ते उचलून धरा आणि बाजूने पंखा लावा. फेल्टमध्ये टिश्यू दाबून तो कोरडा निघाला, की मगच सीट बसवा.